दोन वाव वर

पाण्याच्या कडेला रोवलेल्या खिळ्याकडे बघत सुतार उकिडवा बसला होता. लाट यायची, खिळ्याला चाटायची आणि मागे सरायची. मग एक लाट आली ती खिळ्यापर्यंत पोचलीच नाही. तिच्या मागून आलेली दुसरी तर वीतभर खालीच थांबली.

सुताराने खिळा उपटून खिशात टाकला.

"झालं," तो म्हणाला. "पाणी फिरलं."

मागे सहा माणसं दोर धरून उभी होती. त्यांनी दोर खाली सोडले. उताराच्या वरच्या टोकाला, लाकडी टेकूंवर, नाव उभी होती. डांबर लावून चकचकीत झालेली, नवा रंग दिलेली, आणि पाण्यापासून चांगली तीन वाव लांब. दोन्ही हात पसरले की एक वाव. अमावास्येची दुपार होती. या पंधरवड्यात यापेक्षा जास्त पाणी येणार नव्हतं.

"किती राहिलं?" वरून तांडेलाने विचारलं. तो सकाळपासून नावेत सुकाणूपाशी बसून होता.

"काय किती राहिलं, आबा? दिसतंय की," त्याचा मुलगा खालून ओरडला. "नाव कोरडी ती कोरडीच!"

हा मुलगा सुताराचा जावई. नाव त्यांच्या घरची, खाडीपलीकडे माणसं नेणारी. दिवसाला आठ फेऱ्या आणि एका फेरीला चाळीस माणसं.

तांडेल शिडीवरून पाठमोरा उतरला. एकेक पायरी पायाने चाचपत, सावकाश. खाली आल्यावर त्याने अंगरख्याच्या बाह्या झटकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "व्याहीबुवा, नाव एवढी वर कशाला घेतलीत?"

सुताराला वाटलं, थट्टा करतोय. तो हसलासुद्धा.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, अजून दोन वाव घ्या म्हणून?"

"मी? मी कशाला म्हणेन? पन्नास वर्षं पाण्यावर काढली मी. एवढं कळत नाही मला?"

"कळतं म्हणून तर ऐकलं तुमचं."

"काहीतरीच बोलता."

तांडेल बोलत होता सुताराशी, पण बघत होता त्याच्या कानामागे कुठेतरी. खोटं बोलणारा नजर देत नाही, हे सुताराला ठाऊक होतं. त्याचं हसू तोंडावरच विरलं. सहा माणसांपैकी कुणी खोकलं, कुणी बिडी पेटवली. जावई एकदा बापाकडे आणि एकदा सासऱ्याकडे बघत राहिला.

त्या उतारावर एक रीत होती. पाण्याबद्दल तांडेल म्हणेल ते खरं आणि लाकडाबद्दल सुतार म्हणेल ते खरं. एकाने दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. मागच्या पौर्णिमेला नाव तळाच्या कामासाठी वर घेतली तेव्हा पाणी इतकं चढलं होतं, की सुताराने भरतीच्या खांबावर वर्षानुवर्षं कोरलेल्या सगळ्या खाचा बुडाल्या होत्या. नाव तरंगत तरंगतच उताराच्या वरच्या टोकाशी आली. सुताराने तिथेच टेकू लावायची खूण केली होती. तेवढ्यात तांडेल त्याच्या शेजारी आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाला, "अजून दोन वाव घ्या. पुढच्या भरतीला याहून जास्त आहे." सुताराच्या मनात आलं होतं, की खाचा बुडवणारं पाणी वर्षातून दोनदाच येतं, मग पुढच्याला जास्त कसं येईल? पण पाण्याबद्दल विचारायचं नाही ही रीत. शिवाय तो खांद्यावरचा हात. वीस वर्षांच्या नात्यात तांडेलाने कधी असा हात ठेवला नव्हता. सुताराला बरं वाटलं होतं.

आता त्याला वाटलं, केसाने गळा कापला.

"ढकलून खाली नेता येणार नाही का, मामा?" जावयाने विचारलं.

"पाण्यात असताना वर ओढणं सोपं. कोरडी नाव या दगडांवरून खाली ढकलायची म्हणजे तळ फोडून घ्यायचा. गल्लीतून क्रेन येत नाही. एवढं पाणी परत यायला सहा महिने."

"सहा महिने!" जावयाने कपाळाला हात लावला. "कचेरी फेरी राखून ठेवेल का आपल्यासाठी?"

याचं उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. नाव खरोखर दुरुस्तीत असेल तर बंदर कचेरी तिची फेरी राखून ठेवते. कुणाच्या चुकीने अडकली असेल तर नाही. मग फेरी पलीकडच्या काठावरच्या माणसाकडे जाते. त्याच्याकडे दोन नावा होत्या आणि एक दिवसभर रिकामीच असायची.

*

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सुतार गेला तेव्हा बाकावरचे बोलायचे थांबले. मग जाळी विणणारा म्हातारा म्हणाला, "काय सुतारमामा, नावेला पाय फुटले म्हणे. वर वरच चढतेय."

"पुढच्या पौर्णिमेला टेकडीवर दिसेल," दुसरा म्हणाला.

"हसा," सुतार म्हणाला. "दात आहेत तोवर हसून घ्या."

त्याने चहा अर्धाच घेतला. संध्याकाळपर्यंत दोन नावांच्या मालकांनी निरोप पाठवले, यंदा काम नको, बघू पुढे. एकाने निरोपाबरोबर कारणही पाठवलं होतं. त्याला आपली नाव पाण्यात हवी होती, प्रदर्शनात नको होती. चाळीस वर्षांत सुताराच्या हातून गेलेली एकही नाव परत गळायला लागली नव्हती. आणि आता त्याच्या उतारावर एक नाव सहा महिने सगळ्या गावाला दिसेल अशी उभी राहणार होती. रोज येता-जाता लोक बघणार आणि नाव त्याचंच घेणार.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली. ती सासरहून यायची ती एरवी आधी घरात जाऊन आईला भेटायची. आज सरळ उतारावर आली. सुतार रंध्याला धार लावत होता. ती फळ्यांच्या ढिगावर बसली.

"बाबा, खरं सांगा. तुमच्याकडून चुकलं का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? घरात कुणी कुणाशी बोलत नाही. मामंजी म्हणतात, सुताराने चढवली. हे म्हणतात, मामा खोटं बोलणार नाहीत. मग दोघांचं वाजतं. मी मध्ये. पोळपाट-लाटण्याच्या मध्ये कणीक असते ना, तशी."

सुताराने धार बोटाने बघितली. "तुझे मामंजी दिवसभर करतात काय?"

"काही नाही. बसून असतात. पेपर आला की छोटीला मोठ्याने वाचायला लावतात. म्हणे तिचं वाचन सुधारलं पाहिजे. आणि दर मंगळवारी पलीकडे जातात."

"पलीकडे? कशाने?"

"त्या दुसऱ्याच्याच नावेने. कुणाकडे जाता, विचारलं तर म्हणतात, काम आहे." ती पुढे सरकली. "आणखी एक. इतकी वर्षं हे म्हणत होते, आबा, मला तांडेलकीची परीक्षा देऊ द्या, तर म्हणायचे, मी आहे ना अजून. आणि आता नाव अडकल्यावर स्वतःच फॉर्म आणलान. म्हणतात, चार महिन्यांनी परीक्षा आहे, बस. आता परीक्षा देऊन चालवायचं काय, डोंबल?"

सुताराने रंधा खाली ठेवला. त्याच्या डोक्यात एकेक फळी जागेवर बसत होती. नाव अडकवायची, फेरी पलीकडच्याला द्यायची, मुलाला परवाना काढून त्याच्याच दुसऱ्या नावेवर चिकटवायचं. मंगळवारी जाऊन सगळं ठरवून यायचं. आणि हे कुणाच्या डोक्यावर फोडायचं? तर व्याह्याच्या.

त्याला आणखी एक आठवलं. पौर्णिमेचं पाणी उतरल्यावर तो तळाखाली झोपून एकेक फळी ठोकून बघत होता. तांडेल बाजूला उभा होता. "एखादी फळी गेली असेल. नीट बघा," असं तो दोनदा म्हणाला. "एकही नाही," सुतार तळाखालून म्हणाला होता. "दहा वर्षं हात लावायला नको." "नक्की?" "लाकडाचं मला विचारता, आणि वर नक्की म्हणून विचारता?" आपलं लाकूड चांगलं निघालं म्हणून तोंड पाडणारा मालक सुताराने जन्मात बघितला नव्हता. त्या दिवशी नवल वाटलं होतं. आज नवल वाटलं नाही.

"तू घरी जा," तो मुलीला म्हणाला. "आणि कणीक होऊ नकोस. लाटणं हो."

*

तांडेल उतारावर येतो, हे सुताराला मागच्या गल्लीतल्या बाईने सांगितलं. रोज दुपारी तीनला, सुतार जेवून आडवा होतो तेव्हा. एकटाच येतो, थोडा वेळ असतो आणि जातो. सुताराला वाटलं, टेकू ढिले करायला येत असेल. नाव आडवी पडली की सगळा दोष आपोआप सुताराचा.

त्या दिवशी तो जेवला आणि झोपला नाही. घामेजलेला शर्ट त्याने नेहमीसारखा पुढच्या टेकूवर वाळत टाकला होता. नाव आता बरेच दिवस उभी राहणार म्हणून तो टेकू सकाळीच त्याने जुन्या जागेवरून चार पावलं उजवीकडे घेतला होता. बनियनवरच तो फळ्यांच्या ढिगामागे जाऊन बसला आणि हातात लाकूड तासायची वाकस घेतली. कशाला घेतली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तांडेल आला. भिंतीला धरून आला. आधी भरतीच्या खांबापाशी गेला आणि अंगठ्याने खाचा मोजू लागला, खालून वर. प्रत्येक खाचेवर अंगठा थांबत होता. त्या खाचा तळहाताएवढ्या रुंद होत्या आणि खाडीच्या मध्यातूनही दिसत. सुतार बघत होता. मग तांडेलाने खिशातून एक लहानशी बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. बाटलीचं झाकण लावताना ते दोनदा हातातून निसटलं. दुसऱ्यांदा खाली पडलं तेव्हा त्याने वाकून सगळी जमीन हाताने चाचपली. झाकण त्याच्या पायाशी, उन्हात, चकाकत पडलं होतं.

सुताराच्या हातातली वाकस हळूच मांडीवर आली.

नावेच्या अंगावर तळहात घासत तांडेल पुढे निघाला. जुन्या टेकूच्या जागी त्याने हात पुढे केला. तिथे काही नव्हतं. तो गोंधळला, दोन पावलं बाजूला गेला आणि नव्या जागच्या टेकूसमोर येऊन एकदम थांबला. टेकू माणसाएवढा उंच होता. त्याच्यावरचा शर्ट वाऱ्याने थोडा हलत होता.

"व्याही," तांडेल म्हणाला. "आलो मी."

शर्ट हलला.

"झोपला असाल असं वाटलं होतं. नाहीतर आलो नसतो." तो थांबला. "बोलणार नाही म्हणता. बरोबर आहे तुमचं. मी असतो तर हात उचलला असता."

दहा पावलांवर सुतार श्वास धरून बसला होता. त्याला शिंक आली असती तर काय झालं असतं, कोण जाणे.

"बरं," तांडेल शेवटी म्हणाला. त्याने शर्टाला मान लवून निरोप दिला आणि भिंत शोधत, आल्या वाटेने परत गेला.

सुतार तसाच बसून राहिला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे आणि त्याच्या अलीकडे दोन खडक. भरतीला त्यांची फक्त डोकी पाण्यावर असतात, तीही काळी, पाण्याच्याच रंगाची. त्या दोन खडकांमधून तांडेल दिवसाला आठ वेळा नाव काढायचा. चाळीस माणसं, त्यांत शाळेची पोरं, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं. म्हणजे मंगळवारी पलीकडे जायचा तो डोळे दाखवायला. कधीपासून त्याला ते खडक दिसत नव्हते, आणि किती दिवस त्याने ते नुसते मनाने ओळखून नाव काढली होती? सांगितलं असतं तर त्याच दिवशी त्याचा परवाना गेला असता. मुलाकडे परवाना नाही, म्हणजे फेरी गेली असती. नाही सांगितलं तर माणसं गेली असती. म्हणून त्याने नाव अशा जागी नेऊन ठेवली, की ती पाण्यावर घालताच येऊ नये. मग तळात कूज शोधली. चांगलं कारण मिळावं म्हणून. ती मिळाली नाही, तेव्हा चूक व्याह्यावर ढकलली; पन्नास वर्षांचा तांडेल पाण्यात चुकला कसा, असं कुणी विचारायला नको.

आणि सुताराने छाती फुगवून सांगितलं होतं, एकही नाही.

सुतार उठला. त्याने मोठी पटाशी आणि हातोडा काढला आणि तळाखाली जाऊन पाठीवर झोपला. मधली फळी त्याने स्वतः अकरा वर्षांपूर्वी बसवली होती. त्याने ती पोराच्या गालावर मारतात तशी हलक्या हाताने थापटली. आवाज खणखणीत आला. पहिला घाव घालायला त्याला वेळ लागला.

*

बंदर कचेरीचा साहेब दोन दिवसांनी आला. बरोबर जावई होता आणि तांडेल होता. तांडेलाने मुलाच्या दंडाला धरलं होतं, म्हाताऱ्या माणसाने धरावं तसं. साहेबाने फाइल उघडली.

"नाव पाण्यात का नाही? चूक कुणाची? तेवढं सांगा, मला लिहायचंय."

जावई सासऱ्याकडे बघायला लागला. तांडेल समोर बघत होता, कुठेच नाही असा.

"चूक माझी," सुतार म्हणाला. "पण चढवण्यात नाही. या इकडे."

त्याने साहेबाला तळाखाली नेलं. तिथे माणूस आत जाईल एवढं भोक होतं. एक पूर्ण फळी आणि तिच्या शेजारची अर्धी, दोन्ही काढलेल्या. खाली त्यांचा मागमूसही नव्हता. सुताराच्या घरचा बंब दोन दिवस छान पेटत होता.

"बाहेरून बघितल्या तेव्हा मला चांगल्या वाटल्या. ठोकूनही बघितल्या. आतून कुजल्या होत्या, ते मला कळलं नाही. आता इतरही उघडून बघायला हव्यात. पाच-सहा महिने धरा. एवढे दिवस पाणी लागू नये म्हणूनच तांडेलांनी दोन वाव वर घ्यायला सांगितलं होतं. मी उगाच त्यांच्याशी वाद घातला."

"मामा," जावई म्हणाला, "तुम्हाला लाकूड कळलं नाही?"

"वय झालं, जावईबापू. होतं असं."

साहेब लिहू लागला. लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे सुताराच्या पहिल्या पाहणीत दोष आढळला नाही. असंच लिहू ना?"

"असंच लिहा."

तांडेल पुढे आला. त्याने भोकात हात घातला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. पटाशीचे घाव ताजे होते. लाकूड कोरडं होतं, कडक होतं आणि त्याला अजून लाकडाचा वास होता. अंगठा एका जागी थांबला. मग पुन्हा मागे येऊन तीच जागा चाचपू लागला.

"कुजली होती?" त्याने विचारलं.

"पार."

तांडेलाने हात बाहेर काढला आणि तो बराच वेळ दुसऱ्या हाताने पुसत राहिला.

"दुरुस्तीत आहे म्हटल्यावर फेरी तुमचीच राहील," साहेब फाइल बंद करत म्हणाला. "पण दुरुस्ती संपायच्या आत तुमच्यापैकी आणखी कुणी परवाना काढून ठेवला तर बरं. तांडेलांचंही वय झालंय."

"काढतोय," जावई म्हणाला. "फॉर्म भरलाय."

टपरीवर त्या संध्याकाळी जाळी विणणारा म्हातारा सगळ्यांना सांगत होता, की सुतारमामाला आता कूज दिसत नाही, म्हातारा झाला बिचारा. सुताराने ते ऐकलं आणि यावेळी चहा पूर्ण घेतला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता सुतार पुढच्या टेकूपाशी उभा होता. शर्ट त्याने अंगात घातला होता.

तांडेल भिंतीला धरून आला. खांबापाशी थांबला नाही. नावेच्या अंगावर हात घासत सरळ पुढे आला आणि चार पावलांवर उभा राहिला.

"व्याही, आलो मी."

"या," सुतार म्हणाला.

तांडेल जरासा दचकला. मग त्याचे खांदे खाली आले.

"त्या दिवशीही आलो होतो. बोलला नाहीत."

सुताराने टेकूकडे बघितलं. टेकू उघडाच होता.

"त्या दिवशी राग होता," तो म्हणाला.

तांडेलाने मान हलवली. मग जवळ येऊन त्याने हात पुढे केला, खांद्याच्या उंचीवर, सुताराच्या थोडा डावीकडे. सुतार एक पाऊल डावीकडे सरकला.